साकवाची डावी तुळई

एका खोल ओढ्याच्या दोन काठांवर मिळून एक गाव वसलं होतं. सूर्य उगवतो त्या काठावरच्या लोकांना उगवतीकर म्हणत आणि समोरच्या काठावरच्यांना मावळतीकर. ओढा रुंदीला बेताचा, पण भलताच खोल. काठावर उभं राहून खाली पाहिलं, तर धुणं धुणाऱ्या बायका दुमजली माडीवरून पाहावं तशा दिसत. दोन काठांना जोडणारा एकच लाकडी साकव होता. त्याची देखभाल करायला गावानं एक सुतार नेमला होता. त्याचं नाव केरबा.

केरबाचं घर उगवतीला, साकवाच्या तोंडाशीच. त्याची लेक मैना मात्र मावळतीला दिलेली होती, त्यामुळे त्याचं दोन्हीकडे जाणंयेणं असे. माणूस हाताचा कसबी, स्वभावानं भित्रा. कोणी आवाज चढवला की हा आधी हो म्हणायचा आणि मग घरी येऊन झुरत बसायचा.

गावाचा कारभार नऊ पंच पाहत. दर पाच वर्षांनी प्रत्येक आळी आपला एक पंच निवडून देई. आळीच्या पारावर दोन मडकी ठेवत आणि ज्याला जो उमेदवार पसंत, त्याच्या मडक्यात त्यानं एक चिंचोका टाकायचा. ज्या बाजूचे पंच जास्त, तिचा माणूस गावचा कारभारी. गेली वीस वर्षं पाच पंच उगवतीचे आणि चार मावळतीचे, असंच चालत आलं होतं. चावडीही उगवतीच्याच काठावर होती.

यंदा मात्र नवल घडलं. तांबट आळी उगवतीच्या काठावरची, पण तिनं मावळतीकरांच्या माणसाचं मडकं भरून टाकलं. पाचाचे चार झाले, चाराचे पाच झाले. वीस वर्षांनी कारभार ओढा ओलांडून पलीकडे गेला.

निकाल कळला तेव्हा केरबा अंगणात रंधा मारत होता. पलीकडून ढोल वाजू लागले. बघता बघता चाळीस-पन्नास पोरं नाचत साकवावर चढली. केरबाच्या हातातला रंधा थांबला. शेवटचं पोर अलीकडच्या काठावर उतरेपर्यंत तो श्वास रोखून उभा राहिला. बायकोनं, हौसानं, विचारलं की आपली माणसं हरली म्हणून एवढं तोंड उतरलं का. त्यानं नकारार्थी मान हलवली आणि आत निघून गेला.

त्याला भीती वेगळीच होती.

साकव दोन लांब तुळयांवर उभा होता. तुळया मधोमध एका दगडी खांबावर टेकलेल्या आणि त्यांच्यावर आडव्या फळ्या ठोकलेल्या. गेल्या दिवाळीच्या सुमारास केरबानं डागडुजीसाठी फळ्या उचलल्या आणि खांबावरच्या डाव्या तुळईत पटाशी टोचून पाहिली. पटाशी मुठीपर्यंत आत गेली. भुंग्यांनी तुळई आतून पोखरून टाकली होती. वरून तेवढी साल शाबूत होती.

तो धावत तेव्हाच्या कारभाऱ्यांकडे गेला. कारभारी विचारात पडले. तुळई बदलायची तर साकव दोन महिने बंद ठेवावा लागला असता. निवडणूक तोंडावर आलेली. वीस वर्षं कारभार करून यांना एक साकव धड ठेवता आला नाही, असं मावळतीकर पारापारावर सांगत फिरले असते. कारभारी म्हणाले की नव्या फळ्या टाक, वरून तेलाचा हात दे, निवडणूक झाली की पहिलं काम तुळईचं. आठ दिवसांनी भरल्या चावडीत त्यांनी केरबाला उभं केलं आणि साकव कसा आहे म्हणून विचारलं. केरबानं त्यांच्याकडे पाहिलं, खाली पाहिलं आणि सांगितलं, “भक्कम आहे.”

एरवी साकवावरून माणसं एकटीदुकटी जात. गाड्या कोसभर वरच्या अंगाला असलेल्या उतारावरून ओढा ओलांडत. त्यामुळे तुळई कशीबशी तग धरून होती. केरबा रोज सकाळी खाली जाऊन तिच्याखाली भुसा किती पडलाय ते पाहून येई. भुसा रोज थोडा वाढलेला असे.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. पाचव्या दिवशी दुपार व्हायच्या आत मुहूर्त होता. मावळतीचे नवे कारभारी सगळ्या आळ्यांसह वाजतगाजत साकवावरून उगवतीला येणार आणि चावडीत गादीवर बसणार. दवंडीवाला सांगत होता की तीनशे माणसं तरी असतील.

तीनशे माणसं, एका वेळी, ढोलाच्या तालावर पाय आपटत. त्या दिवशी त्याला भाकरी गोड लागली नाही.

संध्याकाळी जुने कारभारी स्वतः त्याच्या अंगणात आले. वीस वर्षांत ते कधी त्याच्या दारी आले नव्हते. त्यांनी हौसाकडून पाणी मागून घेतलं, इकडचं तिकडचं बोलले आणि मग आवाज उतरवून म्हणाले, “केरबा, तू गप्प राहा. बोललास तर पहिला जाब तुलाच विचारतील. भक्कम आहे असं तूच सांगितलंस, मी नाही.”

“पण कारभारी, माणसं मरतील.”

“कदाचित काही होणारही नाही. आणि झालंच, तर कारभार कोणाच्या हातात होता ते लोक बघतील.”

एवढं बोलून ते उठून गेले. त्यांच्या बोलण्याचा अर्थ केरबाच्या ध्यानात आला. तरीही तो गप्पच राहिला.

त्यानं ठरवलं की कोणाला न सांगता तुळईला खालून एक टेकू द्यायचा. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, गाव जेवून लवंडलेलं असताना, तो बाभळीचं एक जाडजूड लाकूड, करवत आणि तासायचा वाकस घेऊन ओढ्यात उतरला. लाकूड त्यानं मापात कापलं, पण ते उभं करायला चार माणसं हवी होती. एकट्यानं रेटता रेटता त्याचे तळहात सोलून निघाले. दोनदा लाकूड निसटून पाण्यात पडलं. तिसऱ्यांदा त्यानं वर पाहिलं, तर पलीकडच्या काठावर शेळ्या राखणारी एक म्हातारी त्याच्याकडे टक लावून बघत होती.

दिवस मावळायच्या आत मावळतीत बोभाटा झाला, की केरबा सुतार साकवाखाली करवत घेऊन बसला होता.

चार माणसं त्याच्या दारात आली. शिवीगाळ कोणी केली नाही. त्याचंच केरबाला जास्त भय वाटलं. त्यांच्यातला दाढीवाला साकवाखाली काय चाललं होतं ते विचारू लागला. खरं सांगायची वेळ हीच होती आणि शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पण त्यानं त्या चौघांचे हात पाहिले, दंड पाहिले, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं की वाहून आलेलं लाकूड गोळा करत होतो.

“म्हणजे साकव भक्कम आहे ना?”

“भक्कम आहे,” केरबा म्हणाला.

दाढीवाल्यानं मान डोलावली. तरीही खबरदारी म्हणून साकवाच्या दोन्ही तोंडांना त्यांनी पहारेकरी बसवले. आता केरबाला साकवाला हातसुद्धा लावता येणार नव्हता. टेकू द्यायची वाट त्यानं आपल्याच तोंडानं बंद केली होती.

हौसानं दाराआडून सगळं ऐकलं होतं. जेवण वाढताना तिनं एवढंच विचारलं की आपली मैना मिरवणुकीत असेल का.

चौथ्या दिवशी केरबा लेकीकडे निघाला. पहारेकऱ्यांनी त्याच्या अंगावर हत्यार नाही ना ते चाचपून पाहिलं आणि जाऊ दिलं. मधल्या खांबावर आल्यावर पायाखालची फळी किंचित दबल्यासारखी वाटली. ती खरंच दबली की आपल्या मनाचा खेळ, ते त्याला कळेना. उरलेला साकव त्यानं चवड्यांवर पार केला.

मैना अंगणात बसून मुलीचं परकर-पोलकं शिवत होती. उद्या तिची पोर कलश घेऊन पुढे चालणार होती. केरबानं लेकीला बाजूला घेतलं आणि सांगितलं की उद्या तू आणि पोर घराबाहेर पडू नका. पोरीला ताप आलाय म्हणून सांग. मैनेनं कारण विचारलं. त्यानं आढेवेढे घेतले. शेवटी तिनं हात धरून ठेवला तेव्हा त्यानं सगळं सांगून टाकलं.

मैनेनं हातातली सुई कापडात टोचून ठेवली. मग म्हणाली, “बरं. मी थांबते, पोरीलाही ठेवते. पण शेजारची जाऊ तिच्या दोघी मुलींना घेऊन निघाली की तिला काय सांगू, बाबा?”

केरबा उंबऱ्यावर खाली बसला.

“आणि पलीकडच्या घरातली ती नवी सून, पोटुशी आहे. तिला कोणता ताप आला म्हणून सांगू?”

ती रागावून बोलत नव्हती. खरोखरच विचारत होती, जणू बापाकडे त्याचं काही उत्तर असेलच. केरबा उंबऱ्यावर बसून राहिला. तीन दिवस तो स्वतःला वाचवायची वाट शोधत होता, आणि आज लेकीला वाचवायची. बाकीच्या तीनशे जणांची नावं त्यानं मनात येऊच दिली नव्हती. ती आता एकेक करून येऊ लागली. ढोल वाजवणारा, ज्याच्या घराचं दार त्यानंच बसवलं होतं. घोंगडी अंगावर घेऊन पंचांच्या पुढे चालणारे नवे कारभारी, जे धंद्यानं विणकर होते आणि ज्यांचा माग त्यानं दोनदा दुरुस्त केला होता. त्यांच्याशी त्याचं वैर असं कधी नव्हतंच.

पाचव्या दिवशी पलीकडे ढोल वाजू लागताच केरबानं पटाशी आणि पहार घेतली. हौसानं त्याच्या डोक्याला मुंडासं बांधून दिलं. उगवतीच्या तोंडावरच्या पहारेकऱ्यांनी अडवलं तेव्हा त्यानं हत्यारं त्यांच्याच हाती दिली आणि म्हणाला की मला पलीकडे घेऊन चला, एकेक जण, सावकाश. एक पुढे, एक मागे, असं त्याला मध्ये ठेवून ते घेऊन गेले. पलीकडच्या तोंडाशी तो उभा राहिला.

ढोल जवळ येत होते. गुलाल उडत होता. पुढे परकर नेसलेल्या मुली डोक्यावर कलश घेऊन चालत होत्या, त्यांच्यामागे पाच पंच, आणि मागे जिथवर नजर जाईल तिथवर माणसं. नवे कारभारी साकवाशी पोचले तसा तो वाटेतच खाली बसला आणि त्यानं हात जोडले.

“कारभारी, साकवावर पाऊल टाकू नका. डावी तुळई आतून पोखरली आहे.”

ढोल थांबले. दाढीवाला पुढे झाला. “परवा तर भक्कम आहे म्हणालास.”

“खोटं बोललो. दिवाळीत चावडीतही खोटंच बोललो. तुळई तेव्हाच गेली होती.”

गर्दीत एकच कालवा झाला. कोणी म्हणालं की उगवतीकरांनी मुहूर्त टाळायला याला पाठवलंय. कोणी म्हणालं की यानंच खाली बसून करवत चालवली. मागच्यांना काही कळेना, ते पुढे रेटू लागले. एकानं केरबाच्या डोक्यावरचं मुंडासं उडवलं. ते ओढ्यात पडलं. केरबा जागचा हलला नाही.

नव्या कारभाऱ्यांनी हात वर करून लोकांना थोपवलं. सूर्य चांगलाच वर आला होता, मुहूर्ताला घटकाभराचा अवधी होता. त्यांच्याही मनात शंका होतीच. वीस वर्षं हुकलेला दिवस आज हाताशी आला होता, आणि तो एका सुताराच्या शब्दावर सोडायचा, तोही खोटं बोललो असं स्वतःच सांगणाऱ्याच्या. ते म्हणाले, “दोनदा खोटं बोललास. आता खरं बोलतोयस हे मी कसं ओळखू?”

“माझ्या बोलण्यावर जाऊ नका. मला तीन फळ्या उचलू द्या आणि तुमच्या हातानं बघा.”

कारभाऱ्यांनी होकार दिला. पहारेकऱ्यानं केरबाची हत्यारं त्याला परत दिली आणि त्याच्या कमरेला दोर बांधला. तो रांगत मधल्या खांबापर्यंत गेला आणि दिवाळीत आपणच ठोकलेल्या फळ्या त्यानं पहारीनं एकेक करून उचकटल्या. मग नव्या कारभाऱ्यांनी गळ्यातला हार काढून ठेवला, आपल्या कमरेलाही दोर बांधून घेतला आणि लोक नको नको म्हणत असताना पोटावर सरपटत तिथवर गेले. केरबानं पटाशी पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली आणि नुसतं बोट दाबलं. साल फुटून बोट आत गेलं. मग चार बोटं गेली. त्यांनी मूठभर भुसा बाहेर काढला.

परत आल्यावर त्यांनी ती मूठ लोकांसमोर उघडली. वाऱ्यानं भुसा उडून गेला. कलश घेतलेल्या मुलींच्या आया पुढे आल्या आणि आपापल्या पोरीला हाताला धरून मागे घेऊन गेल्या.

मिरवणूक कोसभर वरच्या उतारानं गेली. चिखल तुडवत, दगडांवरून घसरत, लोक उगवतीच्या काठावर पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मुहूर्त कधीच टळून गेला होता. धुळीनं माखलेल्या पायांनीच नवे कारभारी गादीवर बसले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी साकव उतरवायला घेतला. दोरखंड बांधून डावी तुळई नुसती उचलली, तोच ती मधोमध मोडली आणि दोन तुकडे खाली दगडांवर आदळले. तो आवाज दोन्ही काठांवर ऐकू गेला. लोक हातातली कामं टाकून घराबाहेर आले आणि खाली पाहत उभे राहिले.

मग चावडी भरली. जुन्या कारभाऱ्यांना विचारलं तेव्हा आधी त्यांनी आपल्याला काही ठाऊकच नव्हतं असं सांगितलं. तांबट आळीच्या पंचानं पुन्हा विचारल्यावर ते वैतागून म्हणाले, “अहो, निवडणूक तोंडावर होती.” बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. उगवतीच्या माणसांनीही माना खाली घातल्या. त्यानंतर त्या गावात त्यांना कोणी पंच म्हणून उभं केलं नाही.

केरबाला गावातून हाकलून द्यावं, असं काहींचं म्हणणं होतं. काहींचं म्हणणं, त्यानं तीनशे जीव वाचवले. नव्या कारभाऱ्यांनी दोन्ही ऐकून घेतलं आणि निकाल दिला की साकवाची देखभाल केरबाकडून काढून घ्यावी. नवा साकव शेजारगावचा सुतार बांधेल आणि केरबानं त्याच्या हाताखाली राबावं. केरबानं निमूटपणे मान तुकवली. चार महिने तो आपल्याच साकवाच्या जागी दुसऱ्याच्या हुकमानं लाकडं वाहत राहिला. जाणारेयेणारे टोमणे मारत, तो ऐकून घेई. पण हौसा सांगे की कितीतरी दिवसांनी हा माणूस पोटभर जेवू लागला होता.

नवा साकव पुरा झाला. शेजारगावचा सुतार आपल्या गावी परत निघाला आणि आता देखभालीला कोणाला नेमायचं असा प्रश्न पडला. केरबाइतकं लाकूड ओळखणारा दुसरा कोणी नव्हता. कारभाऱ्यांनी त्याला बोलावून घेतलं.

“केरबा, पुढच्या खेपेला कारभार पुन्हा बदलेल. किंवा मीच तुला म्हणेन, जत्रा तोंडावर आहे, गप्प राहा. तेव्हा काय करशील? तुझा स्वभाव तर सगळ्यांना ठाऊक आहे.”

केरबानं मोठमोठ्या शपथा घेतल्या नाहीत.

“भीती वाटेलच, कारभारी. ती जायची नाही. पण तुमच्यासमोर उभं राहण्याची भीती मी एकदा पाहिली, आणि मैनेच्या उंबऱ्यावर बसून त्या तीनशे माणसांसाठी जी वाटली तीही पाहिली. त्या दुसऱ्या भीतीपुढे तुम्ही काहीच नाही.”

चावडीत कोणीतरी हसलं. नवे कारभारी हसले नाहीत. त्यांनी पंचांना हात वर करायला सांगितलं. नवांपैकी सहा हात वर झाले. उरलेले तिघे शेवटपर्यंत नाहीच म्हणाले, आणि त्यांच्याबद्दल केरबा कधी वाईट बोलला नाही.

पंचांनी त्याच दिवशी एक रीत घालून दिली. दरवर्षी दिवाळीआधी साकवाच्या फळ्या दोन्ही काठांच्या माणसांसमोर उचलायच्या आणि ज्याला वाटेल त्यानं खाली वाकून तुळईवर बोट दाबून बघायचं. कारभार कोणाचाही असो.

तात्पर्य एवढंच घ्यायचं: सत्ता या हातातून त्या हातात जाते, पण आपल्या भरवशावर पाऊल टाकणारी माणसं तीच असतात. म्हणून कारभाऱ्यांच्या भीतीनं खरं दडवू नये आणि ते फक्त आपल्या माणसाच्या कानातही सांगू नये. वेळेवर, सगळ्यांसमोर सांगावं.